नऊ हजार सहाशे

रात्री दर उतरायचा,
म्हणून सावद्याहून दिल्लीला आम्ही दहानंतरच बोलायचो.
आम्ही म्हणजे मोडेम. मी नुसती बसलेली,
पुढ्यात केळीच्या ट्रकांची यादी,
गाडी नंबर, घड किती, ड्रायव्हर कोण,
बऱ्हाणपूर किती वाजता सुटलं.

डब्यावर छापलेलं अठ्ठावीस हजार आठशे.
काशिनाथ वायकोळे लाइनमन, उजव्या कानानं अधू,
डावा कान डब्याला लावून सांगायचा,
"कालव्यापाशी जोड ओला होयेल हाये बाई,
आज नऊ हजार सहाशेच्या वर नाई जायाची."
आणि नाहीच जायची.

तार आकडे ओळखत नाही, म्हणायचा, तार आवाज ओळखते,
तोही तीनशेपासून चौतीसशेपर्यंत,
माणूस बोलतो तेवढीच खिडकी.
ट्रकांना त्यातून जायचं तर
आवाजाचं सोंग घ्यावं लागतं.

आधी पलीकडून एक लांब, सपाट शिट्टी.
ती तुझ्यासाठी नाही,
ती वाटेतल्या यंत्रांना, प्रतिध्वनी दाबायला बसवलेल्यांना:
बाजूला व्हा, आमचं आम्ही निस्तरू.
मग तो खरखराट.
शेठ म्हणायचे, जात्यात खडा आला.

पण ते भांडण नव्हे.
दोघांना पाठ असलेलं काहीतरी
एक म्हणतो, दुसरा ऐकतो,
आणि कुठे कुठे मोडून पोचलं
त्यावरून रस्ता ओळखतो.
बातमी नंतर. आधी रस्ता.
मग दोघं एकाच तारेवर, एकाच वेळी बोलतात,
आपलाच आवाज परत आला की तो वजा करतात,
उरेल तो समोरचा.
(शेठना हे आयुष्यात जमलं नाही.)

एकदा ऐन यादीच्या मध्यात
शेठच्या मेव्हण्यानं आतला फोन उचलला,
"हॅलो, कोन बोंबलू राह्यलं?"
एकेचाळीस गाड्या गेल्या, बाकीच्या अडकल्या.

भागवत, माझा भाऊ, उधन्याहून फोन करायचा
महिन्यातून एकदा, यादीच्या आधी,
मागाच्या शेडमधल्या फोनवरून.
जेवलीस?
जेवले. तू?
हो. दाजी?
बरे आहेत.
एवढंच. मागे यंत्रमागांचा खडखडाट,
त्यात त्याचे शब्द अर्धे.
हा काय फोन म्हणायचा, असं वाटायचं मला,
पैसे घालवून पाठ असलेलंच ऐकवतो.

त्या रात्री लाइन फार स्वच्छ होती.
जेवलीस? अगदी कानाशी.
जेवले, मी म्हणाले, आणि थांबले.
मागे काहीच नव्हतं. एक पंखा असावा.
मी काशिनाथसारखा कान बदलला.
नेहमीचं नाही विचारलं,
विचारलं, पाणी येतं का रे खोलीवर?
येतं.
किती वाजता?
पहाटे.
खाली हांडा कोण लावतं?
असं एकेक, एकेक, सावकाश,
ओल्या जोडातून जाईल तेवढंच.

साडेदहा वाजले. टेबलावर यादी तशीच.
मग तो म्हणाला,
ताई, माग दिवाळीपासून बंद आहे.

दिल्लीला यादी त्या रात्री पावणेबाराला गेली.
नऊ हजार सहाशेनं.
शेठनी सकाळी उशिराचं कारण विचारलं.
लाइन, म्हटलं मी.