अक्षर बिघडवून द्या

रविवार कारंजावर माझं दुकान होतं, आता नुसता
जिन्याखालचा कोपरा. फ्लेक्स आला आणि ब्रश वाळले.
म्हणून तो निनाद आला, पुण्याहून, पायात पांढरे बूट,
तेव्हा मी त्याला खुर्ची पुसून दिली.

एकशे चाळीस फलक, म्हणाला. बुधवारचा बाजार
घाटावरून हलवा, अशी नाशिककरांची मागणी आहे.
मी म्हटलं, कुठल्या नाशिककरांची?
तो हसला. तेच तर तयार करायचेत, मामा.

मी नमुना लिहून दाखवला. चाळीस वर्षांचा हात,
शिरोरेषा सुतात, वेलांटी एका दमात.
त्याने मान हलवली.
फार देखणं झालं. अक्षर बिघडवून द्या.
लोकांनी घरी बसून लिहिलंय असं वाटलं पाहिजे.
शुद्धलेखनाच्या चुकीला वेगळे दोन रुपये.

मग मी गोदावरीची वेलांटी फिरवली,
'स्वच्छ'मधला च खाल्ला.
एक फलक डाव्या हाताने, गृहिणी म्हणून.
एक पेन्शनर म्हणून, मनगट कापवत.
एक तिसरीतली मुलगी होऊन:
ओळ खाली घसरत गेलेली, आणि कोपऱ्यात
कुणी न सांगता एक सूर्य काढला, किरणांसकट.
तो सूर्य दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर.

मोर्चातली पोरं कॉलेजची. तीनशे रुपये आणि मिसळ.
त्यातल्या एकाने शालिमारपर्यंत फलक उलटा धरला होता.

पैसे मी मोजून घेतले, खोटं कशाला सांगू.
चुकांचेच दोनशे बारा भरले.

बाजारातल्या बायकांनीही मग
दहा-दहा रुपये काढले. माझ्याकडे आल्या नाहीत.
फ्लेक्स छापून घेतला, चकचकीत,
मधोमध चांगुणाबाई मोगल हात जोडून,
मागे कुठल्याशा परदेशातला धबधबा.
साहेबांपुढे जायचं तर नीटनेटकं हवं, एवढंच मनात.
पेपरात आलं: बॅनर छापील आहे,
म्हणजे यांच्यामागे कोणीतरी आहे.

परवा कोथिंबीर आणायला घाटावर उतरलो.
बाजार अजून भरतो, पुढची तारीख पडलीय.
चांगुणाबाईच्या टोपलीला टेकवलेला पुठ्ठा,
एका अंगाला माझा अर्धा सूर्य,
दुसऱ्या अंगाला कोळशाने:
मेथि १० ला जूडी.

पेंटर ना हो तुम्ही? बघा बरं,
बरोबर लिहिलंय का?

मी बघत राहिलो. म-ची काठी
वाफ्यात खुंटी ठोकावी तशी ठोकलेली,
उकाराचं शेपूट पार पुठ्ठ्याच्या कडेला जाऊन थांबलेलं,
जागा संपली म्हणून.
एकशे चाळीसांत मला हे एकदाही जमलं नव्हतं.

बरोबर आहे, म्हटलं.
तिने पिशवीत एक जुडी वरून टाकली, पैसे नकोत म्हणाली.
मी ती परत ठेवायला हवी होती.