खिशातले हात

डंडीत, तागाच्या बंद गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर
आमच्या मासिकाचं ऑफिस.
खिडकीतून टे नदी दिसते, धुकं नसेल तेव्हा,
म्हणजे क्वचितच.
मी इचलकरंजीची, मुकी झालेली गिरणी मला नवी नाही.
माझं काम टपाल फोडायचं.
महिन्याला साठेक पाकिटं, नवशिक्यांची मंगा,
उजवीकडून डावीकडे वाचायची पानं,
कुणी पुठ्ठा घालून जपलेली,
कुणी गुंडाळून पाठवलेली, ती उलगडली तरी
लाजाळूसारखी पुन्हा मिटतात.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं,
इथे कुणालाच हात नाहीत.
तलवारबाज हात पाठीमागे बांधून उभा,
भुताच्या बाह्या जमिनीपर्यंत,
आणि प्रेमात पडलेली मुलगी बसथांब्यावर,
दोन्ही हात कोटाच्या खिशात.
मला वाटलं, स्कॉटलंडची थंडी.
संपादक ऐल्सा मॅक्रे चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"थंडी कसली! पोरांना हात काढता येत नाहीत."

त्यांच्याकडे एक निळी पेन्सिल होती.
तो निळा छापताना उतरत नाही,
कागदावर असतो, मासिकात नसतो.

रोना गेडिसची पाकिटं आर्ब्रोथहून यायची,
त्यांना माशांच्या धुरीचा वास.
तीनदा परत गेली. तिन्ही वेळा कोपऱ्यात निळी ओळ:
हात खिशातून बाहेर काढ.
चौथ्या वेळी बत्तीस पानं आली, नुसते हात.
बापाचे हात, हॅडॉक चिरणारे,
दोन-दोन मासे शेपटीला बांधणारे,
अंगठ्याच्या पेराला खवला चिकटलेला.
गोष्ट नव्हतीच काही.
ऐल्साबाईंनी शेवटच्या पानावर छापलं एक चित्र,
पोस्टाच्या तिकिटाएवढं.

मग ती आली फिनली डाऊच्या हाताखाली.
तो फुली मारायचा तिथे काळं भरायचं.
दीड वर्ष तिने दुसऱ्याच्या रात्री भरल्या,
दुसऱ्याच्या पावसाला ठिपके चिकटवले,
आणि फिनली जेवायला गेला की
त्याच्या कचऱ्याच्या टोपलीतली पानं
घडी घालून घरी न्यायची. (मला माहीत होतं.)

तिची पहिली मालिका आपटली.
वाचकांची कार्डं मीच मोजायचे:
अकरावा नंबर, चौदावा, मग शेवटचा.
नवव्या भागात ऐल्साबाईंनी बंद केली.
नायिका बसथांब्यावर उभी होती, तशीच राहिली.
रोना जिन्यात बसून चिप्स खात होती,
व्हिनेगर फार झालं म्हणाली, डोळे पुसले.

दुसरी मालिका सहा वर्षं चालली. ते सगळ्यांना ठाऊक आहे.
ऐल्साबाई गेल्या, पेन्सिलीचं थोटूक
माझ्या खणात, रबरबँडांत.

परवा पाकीट आलं मदरवेलहून.
तपीवा मोयो, वय तेरा.
लाँड्रीच्या बाकाखाली त्याला जुना अंक सापडला होता,
त्या आपटलेल्या मालिकेचा शेवटचा.
"नववा भाग मला पाठ आहे," त्याने लिहिलंय,
"दहावा कुठेच मिळाला नाही,
म्हणून मी काढला."

सोळा पानं. बस येते. ड्रायव्हरला हात नाहीत.
तिकीट तपासणाऱ्याचे पाठीमागे.
रोना माझ्या टेबलाशी उभ्यानेच वाचत होती.
न बघता तिने हात पुढे केला,
मी थोटूक ठेवलं त्यावर.

पानापानावर लिहीत गेली तीच ओळ.
शेवटच्या पानाशी थांबली.
तिथे तिची मुलगी, बसमधून उतरलेली,
कोटाच्या खिशात हात.
पण डाव्या खिशाच्या कापडाला सुरकुत्या होत्या,
आणि मुठीएवढा उंचवटा.

"काहीतरी धरलंय हिने," रोना म्हणाली.
बराच वेळ बघितलं.
त्या पानावर काही न लिहिता
मला विचारलं, मदरवेलची गाडी किती वाजता असते.