दुकानात नीट चालतो

तिसऱ्यांदा आणलाय त्यांनी तो,
घोंगडीत गुंडाळून, थंडीतल्या कोकरासारखा पोटाशी धरून.
डॉन एवारिस्तो मान्सिया. बत्तीस वर्षं ट्रक हाकला,
आता निवृत्त; तर तोच रस्ता पडद्यावर हाकतात.
कुणा पोरानं आमची नऊ नंबरची वाट
जशीच्या तशी बांधलीय त्या खेळात,
कुंपणं, मेंढ्या, आडवा वारा सगळं.
"मोरो चिको आलं की मरतो," म्हणतात,
"कधी जरा अलीकडे, कधी पलीकडे."

निळा पडदा नाही, चुकीचा आकडा नाही.
फुंकर मारल्यासारखा विझतो
आणि मग निर्लज्जासारखा आपणहून उठतो.

मी रॅमच्या पट्ट्या काढल्या,
खोडरबरानं त्यांचे सोनेरी दात घासले,
एकेक लावून रात्रभर चाचणी: चूक शून्य.
ग्राफिक्स कार्डातून निघाली
मांजराएवढी धूळ (त्यांच्याकडे मांजर नाही).
वाटाण्याएवढी नवी पेस्ट. तापमान एकाहत्तर,
माझ्या आईला याहून जास्त चढतं रागात.
ड्रायव्हर जुना घातला, मग नवा, मग पुन्हा जुना.
शेवटी दुकान बंद करून मीच बसले त्यांच्या ट्रकात:
नातालेसला गेले, लोकर उतरवली, परत आले,
एका मेंढीला हॉर्न दिला.
चार तास. एकदाही नाही.

आणि बिलावर तिसऱ्यांदा तेच: दोष आढळला नाही.
त्यांनी ते वाक्य चष्मा लावून वाचलं.
डॉक्टरांनी "वय झालंय" म्हटल्यावर
माणूस वाचतो ना, तसं.

म्हणून आज मीटर खिशात घालून निघाले,
चौकात वाऱ्यासाठी बांधलेला दोर धरत धरत,
टोपी एकदा सामुद्रधुनीला देता देता वाचवली.

घर लहान. भिंतीत एक प्लग,
प्लगमध्ये एक पिवळी पडलेली पाटी,
पाटीत त्यांचं सगळं जग: दिवा, रेडिओ,
संगणक, किटली.
मी मीटर लावून जमिनीवर बसले.
दोनशे एकोणीस. दोनशे वीस.
डॉन एवारिस्तोंच्या कानांवर ते मोठे हेडफोन,
खांदे वळणाबरोबर वळतात.

सात वाजायला पाच मिनिटं असताना
नेलिदाबाईंनी विणकाम खाली ठेवलं,
घड्याळाकडे पाहिलं,
एकदा हाक मारली, अगदी हळू, नुसती मारायची म्हणून,
आणि किटलीचा खटका दाबला.

एकशे अडुसष्ट.

मोरो चिको गेलं. ट्रक गेला.
"बघ! बघ!" ते ओरडले, हेडफोन काढत,
आणि हेडफोन काढलेच आहेत तर
उठून टेबलाशी आले.
टेबलावर पाव, लोणी, चार कप.
चौथा माझा होता म्हणजे.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.
लोणी मात्र जाड लावलं.

पाटी तशी ठेवणं शक्यच नव्हतं,
एक भोक करपून काळं झालेलं,
एखाद्या रात्री घरच गेलं असतं.
नवी बसवली. किटली स्वयंपाकघरातल्या वेगळ्या प्लगला नेली.
डॉन एवारिस्तो लोकरीचा हिशेब सांगत होते.
बाईंनी हळूच विचारलं,
"म्हणजे आता बंद पडणार नाही?"
नाही, म्हटलं.
त्यांनी कप विसळायला घेतला, स्वच्छ होता तो.

मग मी त्यांना दाखवलं,
पेटीच्या मागच्या अंगाला एक बटण असतं.
पाच-पाच मिनिटांनी खेळ आपोआप जतन होईल,
तेवढी सोय केलीय; लोकर बुडणार नाही.
आणि बटण, बाई, नुसतं टेकवून भागत नाही,
दाबून धरायचं. चार सेकंद.

बिलावर लिहिलं: पाटी बदलली.

एप्रिल गेला, मे निम्मा झाला, ते आले नाहीत.
काल बेकरीच्या रांगेत नेलिदाबाई दिसल्या,
मफलर डोळ्यांपर्यंत.
वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही इथे कुणाला.
त्यांनी हातमोजा काढला
आणि मला चार बोटं दाखवली.