चारपर्यंत

नाझीब्रोला गाई मोजत नाही.
संध्याकाळी उश्बाच्या दोन्ही शेंड्यांवर ऊन तांबडं होतं,
गाई आपल्या आपण कुरणातून खाली येतात,
दगडी बुरुजाला वळसा घालून फाटकाशी थांबतात.
ती पिठाच्या हातांनी दार लोटते, एकदा बघते.
चार.
हा आकडा ती म्हणत नाही. तो तिथे असतोच,
गाईंच्या अंगावरच्या वाफेसारखा.

तिचा दीर बिमुर्झा, त्याचं निराळं.
सातशे मेंढरं, अरुंद वाट, हातात काठी;
दर पन्नासाला एक खडा खिशात टाकतो.
मध्ये कुणी बोललं की शिवी हासडतो
आणि पुन्हा पहिल्यापासून.
रात्री चौदा खडे टेबलावर मांडतो,
चार-चारचे पुंजके, वर उरतात दोन.
ते दोन मात्र तोही मोजत नाही.

डोळ्याची ओंजळ एवढीच.
एक, दोन, तीन सहज मावतात,
चौथं काठावर टेकतं,
पाचावर धारण बसते.
आपल्या बोलण्यातही बघा:
चार शब्द, चार पैसे, चार दिवस,
तोंड दाखवायचं तेही चार लोकांत.
त्यापुढे एकदम पाच-पन्नास.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी तिने दार लोटलं
आणि तीन.
कोणती नाही, हे नंतर कळलं.
आधी नुसतं तीन, थेट पोटात.
मोजावं लागलं असतं
तर तेवढा वेळ तरी मिळाला असता.
मग नावं आली. शावा. निकोरा. वार्दो.
च्रेला नाही.
गाभण च्रेला.

बॅटरी, नवऱ्याचा जुना कोट, ओढ्याकाठची बर्चची झाडं.
हाका मारून घसा बसला.
बिमुर्झा म्हणाला, यंदा लांडगे फार खाली उतरलेत.
ती म्हणाली, गप्प बस आणि उजेड नीट धर.

पहाटे दोघं रिकाम्या हातांनी परतले.
गवतावर पांढरं दंव, फाटक अर्धवट उघडं.
ती दमून पायरीवर टेकली, वर बघितलं
आणि आकडा आलाच नाही.
पायांच्या गर्दीत काहीतरी जास्तीचं होतं,
ओलं, लटपटतं,
या पोटाखालून त्या पोटाखाली शिरणारं.

नाझीब्रोलाने बोट उचललं.
शावा, एक. निकोरा, दोन.
वासरू मध्येच हललं. पुन्हा पहिल्यापासून.
बिमुर्झा काहीतरी बोलायला लागला.
तिने त्याला शिवी हासडली.