के-तीन

सुकती सकाळी सहा चाळीसला.
कुंभारजुव्याच्या खाडीत मांड्यांपर्यंत चिखल,
तिवरांच्या मुळ्या बोटं वर करून उभ्या,
आणि त्यांच्यामधून रांगणारे काळे, टोकदार शंख.
प्लास्टिकच्या चमच्याने उचलायचे.
पहिल्याच दिवशी सरांनी बजावलं होतं:
मोजणाऱ्याचं लोखंड मोजात येता कामा नये.

बांधावर पिएदाद, मानशीच्या दगडाला टेकून.
तिच्या पिशवीतही हेच.
"उकडायचे, खोबरं, तिरफळं," ती म्हणते.
"तू कसे करतेस, बाय?"
मी सांगते: एक रात्र स्वच्छ पाण्यात, पोट रितं व्हायला.
मग कवच फोडून मांस वेगळं,
साठ अंशांवर वाळवून खलात पूड,
मग नायट्रिक आम्लात, पार निवळेपर्यंत.
ती खदखदून हसते.
"इतकं शिजवून उरतं काय?"

उरतं ते यंत्र सांगतं.
शिसं, कॅडमियम, मँगनीज,
दशांश चिन्हापुढे तीन घरं.

गाळाची नळी उभी चिरली
की वर राखाडी, मग काळसर, मग
अठरा ते बावीस सेंटीमीटर: विटकरी.
पावसाळ्यात मांडवीचं तोंड बंद व्हायचं,
तेव्हा खनिजाच्या बार्जी इथूनच मुरगावला जात.
त्यातल्या एकीचं सुकाणू बाबांच्या हातात होतं.
त्यांचे सदरे आईने कितीही आपटले तरी
दोरीवर तांबडेच वाळायचे.
त्या चार सेंटीमीटरांत आमच्या घराचा स्लॅब आहे,
माझी दोन वर्षांची फी,
आणि एक निळी सायकल, जी नंतर चोरीला गेली.

अहवालाच्या शेवटी एक ओळ भरावी लागते:
हितसंबंध.
मी "नाहीत" लिहिलं.
मग खोडलं.
मग कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला
आणि मी चहा करायला उठले.

"खाऊ ना गं हे?" पिएदाद विचारते.
"आकडे यायचेत अजून."
"कधी?"
पाणी घोट्यांना लागू लागलंय.
ती पिशवीत हात घालून दोन शंख काढते,
माझ्या ओंजळीत ठेवते.
"मग माझ्यातले पण मोज."
त्यातला एक हळूच झाकण ओढून घेतो.

माझ्या चौकटीत हे बसत नाहीत,
यांना ना अक्षांश, ना खोली.
तरी डबीवर पेन्सिलीने लिहिते:
पिएदाद. दोन नग.
ठिकाण: स्वयंपाकघर.