फऱ्याचं हाड

शेळीचं नाव शहबा. राखी रंग, डावा कान दुमडलेला.
अकीकच्या ओढ्यात ती पाय मोडून पडली
त्या वर्षी आम्ही तिला खाल्लं,
आणि तिच्या फऱ्याचं हाड आईने
वाळूने घासून घासून पांढरं केलं,
दारामागे टांगलं.
काही टाकायचं नाही, हा तिचा नियम.

थोरला हुबैश लिहायला शिकला होता, घरात एकटाच.
एका संध्याकाळी तो मशिदीतून धावत आला,
ओठ हलत होते, कुणाशी बोलेना;
काठोकाठ दुधाचं भांडं आणावं
तसं तोंडात काही घेऊन आला.
हाड काढलं. काजळी कालवली.
चार ओळी.
मला म्हणाला, बघ काय दिसतं.
मी म्हटलं, मला तर शहबाच दिसते.
आई चुलीपाशी. 'तू वाच,' म्हणाली, 'मी ऐकते.'
तीनदा ऐकलं,
चौथ्यांदा तीच म्हणू लागली.

मग यमामा.
निरोप आणणाऱ्याने नावं एका दमात घेतली,
ज्यांना सगळं तोंडपाठ होतं त्यांची.
हुबैशचं मधेच कुठेतरी आलं.
आईने हात वर केला: 'पुन्हा म्हण.'
त्याने पुन्हा म्हटलं.
त्या रात्री गल्लीतलं रडणं
नुसतं माणसांसाठी नव्हतं.
माणसाबरोबर त्याचं पाठांतरही मातीत जातं,
हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढे एक लेखनिक दारात उभा.
कोवळी दाढी, काळी बोटं, पाठीवर पोतं.
पोत्यात खजुराचे देठ, चपटे दगड,
कातड्याचे तुकडे, उंटाच्या बरगड्या.
तो वाकला की पोतं खडखडायचं.
मी हाड दिलं. त्याने उजेडाकडे धरलं
आणि दुसऱ्याच ओळीत अडला.
नुक्ते फारसे कुणी देत नसे तेव्हा.
एका दातऱ्या खुणेची चार अक्षरं होत,
आधीच पाठ असेल त्यालाच लिहिलेलं बोले,
बाकीच्यांना हाड ते हाड.

अक्षरांवर बिंदू नव्हते,
आईच्या डोळ्यांत होते, दोन, मोत्यासारखे.
तिने हाडाकडे पाहिलंही नाही.
चारही ओळी म्हटल्या,
तिसरीच्या मध्यावर थांबून श्वास घेतला,
तिथे हुबैश घ्यायचा म्हणून.
लेखनिकाचं बोट अडलेल्या जागेवरून सुटलं.
तरी त्याने लगेच उतरवलं नाही.
'अजून साक्ष लागेल.'
मी म्हटलं, लिहिताना दिवा मी धरला होता.
'तुला वाचता येतं?'
नाही.
तो गेला. तीन दिवसांनी आला
तो कुबाच्या एका विहीरवाल्याला घेऊन;
त्याच्याकडे हाड नव्हतं, देठ नव्हता,
पण त्या चार ओळी होत्या, जशाच्या तशा.
श्वास मात्र त्याने दुसरीकडे घेतला.

हाड आम्हाला परत मिळालं.
मी शेळ्या राखल्या, आई गेली, मुलं झाली.
खूप वर्षांनी एकच प्रत ठरली,
बाकी तुकडे अग्नीत द्या म्हणाले,
पुढे भांडण नको.
बरोबरच होतं ते, असं मीच शेजाऱ्यांना सांगितलं.
राखणं आणि राख,
दोन्ही मलाच करावं लागलं.
हाड लवकर जळत नाही.
आधी अक्षरं गेली,
मग बराच वेळ शहबा राहिली.

आता डोळे माझेही गेलेत.
पहाटे मागच्या रांगेत उभा असतो.
पुढचा पढणारा परगावचा आहे, दमसास दांडगा,
तिसरी ओळ तो एका दमात पार करतो.
मी करत नाही.
मध्यावर थांबतो,
हळूच श्वास घेतो,
मग घाईने त्याला गाठतो.