हे कुणी सांगितलं?

गड्डा भरायच्या आठ दिवस आधी
हिरेमठ बाईंनी प्रकल्पाची वही परत दिली.
'सोलापुरी चादर : काल आणि आज', पानं बावीस,
मुखपृष्ठावर स्केचपेनचे दोन मोर.
पान सातवर, नऊवर, मग अकरा ते चौदा सलग
लाल शाईत एकच ओळ :
हे तुला कुणी सांगितलं?

मार्क नाहीत. नुसता प्रश्न.
आमच्या बोळात हा प्रश्न भांडणाच्या सुरुवातीला विचारतात,
नाहीतर कुणी गेल्याची बातमी आली की.
आईला मराठी अक्षर लावून लावून वाचावं लागतं.
तिनं ओळीखालून बोट फिरवलं आणि म्हणाली,
एवरु चेप्पारु?
तोच प्रश्न, तेलुगूत,
मांडीवरच्या सुपात तंबाखू, बोटांत अर्धी वळलेली विडी.

भावाच्या मोबाइलनं सांगितलं होतं.
वाक्यं अशी गुळगुळीत
की उतरवतानाच कळत होतं, ही माझी नव्हेत.
'वस्त्रोद्योगाची गौरवशाली परंपरा'
असं साखर पेठेत कुणी कुणाशी बोलत नाही.

बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं :
आडनाव, स्वल्पविराम, नाव, वर्ष,
पुस्तक, प्रकाशक, पान.
जसंच्या तसं घेतलंस तर अवतरणचिन्हं.
स्वतःच्या शब्दांत सांगितलंस
तरी नाव गाळायचं नाही, म्हणाल्या,
शब्द तुझे असतील, माहिती तुझी नाही.
ती चिन्हं मला दारात काढलेल्या चपलांसारखी दिसली,
दोन अलीकडे, दोन पलीकडे.
आत कुणी पाहुणं बसलंय,
घरचं माणूस नव्हे.

मग नरसय्या कोंडांकडे गेलो.
चाळीस वर्षं माग चालवलेले, उजव्या कानानं बहिरे,
डाव्या बाजूला बस म्हणाले.
वाचनालयातल्या पुस्तकात होतं,
मिलचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा.
चारदा, ते म्हणाले.
पुस्तकात तीनदा आहे.
पुस्तकवाला रात्रपाळीला होता का?

नाव लिहिणार म्हटल्यावर मात्र गडबडले.
कशाला? चादरीवर पण कुणी लिहिलं नाही.
तिथं मिलचं नाव, खाली नंबर.
तीनशे बारा लिही. तो पाठ आहे.
मी नंबरही लिहिला, नावही लिहिलं :
कोंडा, नरसय्या. मुलाखत, साखर पेठ, ७ जानेवारी.
पानाच्या जागी काही नाही.

तीन की चार, बाईंना विचारलं.
दोन्ही लिही. कोण काय म्हणतं तेवढं लिही.
भोंगा ऐकायला तूही नव्हतास, मीही नव्हते.

बावीसची नऊ पानं झाली.
मोर राहिले.
रात्री आईला शेवटचं पान वाचून दाखवलं,
पुस्तकं दोन, वर्तमानपत्र एक, नरसय्या.
ती ऐकत होती, दोरा गुंडाळत होती,
पंचवीस मोजून कट्टा बाजूला ठेवत होती.
मग म्हणाली, आणि खळ?
कुठली खळ?
पान पाच. सुताला खळ कशी द्यायची,
चिंचोक्याची, किती पातळ, बोटाला किती चिकटली की उतरवायची.
एवरु चेप्पारु?

मी गप्प.
लहानपणापासून ऐकलेलं,
मला वाटलं होतं ते मला येतंच.

लिहितो, म्हटलं. आडनाव आधी.
पेन टेकवलं आणि अडलो.
ती खळ तिच्या माहेरची,
तेव्हा ती चिप्पा होती, अंगणात, सुताच्या लडींमध्ये.
सांगितली मला या घरात,
ते आडनाव माझ्या बापाचं.
नुसतं राजव्वा लिही, म्हणाली.
चालत नाही, बाई आडनाव मागतात.
मग बाईंना विचार,
आणि तिनं कात्रीनं पुढचं पान कापलं.

उद्या वही द्यायची आहे.
यादीत चौथ्या ओळीवर
सध्या एक स्वल्पविराम आहे,
त्याच्या उजवीकडे राजव्वा.